घरी जोडलेला कॉम्प्युटर आणि पाण्याचा दिवस

आमच्या घरातला कॉम्प्युटर दुकानातून तयार आणलेला नाही. डिप्लोमाला शिकणाऱ्या आमच्या मुलाने तो जानेवारीत स्वतः जोडला. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एसएसडी नवे घेतले. कॅबिनेट आणि एसएमपीएस आमच्याच जुन्या कॉम्प्युटरचे वापरले. रॅमची एक पट्टी नवी आणली आणि दुसरी परतूरच्या मामूंनी त्यांच्या ऑफिसच्या बंद पडलेल्या मशीनमधून काढून दिली. जुनी हार्ड डिस्कही त्यातच बसवली. पहिल्यांदा पडद्यावर उजेड आला तेव्हा साऱ्या घराला आनंद झाला.

हा कॉम्प्युटर आमच्यासाठी करमणुकीची वस्तू नाही. जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत कम्पोझिंगचे काम चालते. मराठी आणि उर्दू लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मशिदीचे सहरी-इफ्तारचे वेळापत्रक अशी कामे येतात आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यावर निघतो. मुलीचा बारावीनंतरच्या सीईटीचा सरावही त्यावरच होतो. शिवाय त्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक अमानत आहे. आमच्या मरहूम अम्मींनी शेवटच्या वर्षी मुलांना सांगितलेल्या जुन्या आठवणी मुलीने मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या. मोबाईल पुढे खराब झाला. तीन रेकॉर्डिंग उरली ती त्या डिस्कवर.

फेब्रुवारीच्या शेवटी हा कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. माउस जागीच थांबे, कीबोर्ड दाद देत नसे, चालू असलेला आवाज एकाच जागी घरघरत राही. बटण दाबून बंद करण्याशिवाय इलाज नसे. यंदा रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला होता. ईदनंतर शव्वालमध्ये लग्ने असतात, त्यामुळे पत्रिकांची कामे साचलेली. एका संध्याकाळी दोन तासांचे काम गेले आणि आमच्या तोंडून मुलाला नको ते शब्द गेले. "तुला जमत नव्हते तर हात का घातलास? दुकानातून आणला असता तर ही वेळ आली नसती." मुलगा काही बोलला नाही. इफ्तारच्या वेळी त्याने एक खजूर खाल्ला, पाणी प्यायला आणि नमाजला निघून गेला.

हा लेख आम्ही दोन कारणांसाठी लिहीत आहोत. मराठवाड्यात अनेक घरांत आता मुले असे कॉम्प्युटर जोडतात. त्यांतला एखादा हँग होऊ लागला तर काय करावे, हे आम्ही महिनाभर ठेचा खात शिकलो. दुसरे कारण लेखाच्या शेवटी येईल.

दुकानात तो एकदाही हँग झाला नाही

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला. दोन दिवस तो तिथे सुरू होता आणि एकदाही हँग झाला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने विंडोजचे इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दाखवली आणि म्हणाला, "मदरबोर्डचा भरवसा नाही. मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलून टाका." खर्च अकरा हजार सांगितला.

मुलाने घरी येऊन त्या नोंदीचा अर्थ शोधला. मशीन नीट बंद न होता अचानक बंद पडले, एवढेच ती नोंद सांगते. हँग झाल्यावर आपण बटण दाबून बंद केले तरी हीच नोंद पडते आणि वीज गेली तरी हीच पडते. ताप आला आहे एवढे थर्मामीटर सांगतो, तो मलेरियाचा की टायफॉईडचा हे सांगत नाही. तसेच हे.

मात्र दुकानातल्या त्या दोन दिवसांनी एक गोष्ट शिकवली होती, जी आमच्या लक्षात उशिरा आली. तिथे कॉम्प्युटर चांगला चालला, म्हणजे आमच्या घरात असे काही आहे जे दुकानात नाही. किंवा आम्ही त्याच्याकडून असे काही काम करून घेतो जे दुकानात कोणी करून घेतले नाही. पुढे कळले की या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आधी फुकटची कामे

मुलाने एक नियम केला. आधी बिनखर्चाचे उपाय, मग उसने आणून करायचे उपाय आणि सर्वांत शेवटी विकत घ्यायची वस्तू. आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर सुधारला, तर गुण कशाचा हे कधीच कळत नाही.

पहिला संशय उष्णतेवर होता. पोलादाच्या कारखान्यांच्या आमच्या या गावात धूळ कमी नाही आणि मार्चपासून ऊन चढू लागते. वायर काढून, कॅबिनेट उघडून आम्ही ब्लोअरने धूळ उडवली. असे करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून पंखा खराब होऊ शकतो. प्रोसेसरवरचा कूलर चारही कोपऱ्यांत घट्ट बसला आहे का ते पाहिले. जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. मग तापमान दाखवणारे फुकट सॉफ्टवेअर चालवून पाहिले. जड काम चालू असताना प्रोसेसर ७८ अंशांपर्यंत जात होता. आजचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतात. म्हणजे आमचा प्रोसेसर सुखरूप होता आणि उष्णतेवरचा संशय दूर झाला.

घरी जोडलेल्या मशीनमध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. मदरबोर्डखाली पितळी स्टँड असतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा जास्तीचा स्टँड राहिला, तर तो मागून टेकून शॉर्ट करतो. आणि हार्ड डिस्कची साटा केबल सैल असली तर डिस्क मधूनच हरवते आणि मशीन अडकून बसते. मुलाने दोन्ही तपासले. दोन्ही ठीक होते. जुन्या बोर्डावर कपॅसिटरची डोकीही पाहावीत. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर असलेले लाखो बोर्ड विकले गेले होते. त्यांची डोकी फुगत, त्यांतून द्रव गळे आणि कॉम्प्युटर कारण न कळता हँग होत.

विंडोजचा दोष आहे की यंत्राचा, हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहणे. डिस्कवर काहीही न टाकता उबुंटूसारखी प्रणाली अशी चालवता येते. तीही हँग झाली, तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये. आमच्याकडे तीही तिसऱ्या तासाला हँग झाली. म्हणजे दोष यंत्रातच होता.

मुलीची वही

इथपर्यंत आम्ही अंदाजावर चाललो होतो. खरी वाट मुलीने दाखवली. तिने शाळेची जुनी वही घेतली आणि पाच रकाने आखले. तारीख, वेळ, त्या वेळी काय काम चालू होते, घरात आणखी काय चालू होते आणि कॉम्प्युटर नेमका कसा बंद पडला. शेवटचा रकाना तिच्याच डोक्यातून आला. ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही प्रत्येक वेळी 'हँग झाला' म्हणता. पण कधी तो गोठतो, आणि कधी काळा पडून आपोआप पुन्हा सुरू होतो. हे दोन वेगळे आहेत."

हळूहळू वहीत एकोणीस नोंदी झाल्या. जुमाच्या नमाजनंतर आम्ही सारे ती वही घेऊन बसलो. आपोआप पुन्हा सुरू होण्याच्या सात नोंदी होत्या आणि त्या चारच तारखांना झाल्या होत्या. मुलगी त्या तारखांवर बोट ठेवून म्हणाली, "हे तर पाण्याचे दिवस आहेत."

जालन्याबाहेरच्या वाचकांना हे सांगावे लागेल. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. पाणी आले की घराघरांत एकाच वेळी मोटारी सुरू होतात. बायका हाका मारतात, पाइप ओढले जातात आणि तास-दीड तास साऱ्या गल्लीतले दिवे मंद जळतात. मंद दिव्यांची आम्हाला इतकी सवय झाली होती की त्याचा कॉम्प्युटरशी संबंध असेल असे मनातही आले नव्हते.

पुढच्या पाण्याच्या दिवशी आम्ही ओळखीच्या वायरमनला बोलावून घेतले. त्याने मीटर लावला. एरवी घरात २३० च्या आसपास असलेला दाब १७४ व्होल्टपर्यंत उतरला होता आणि शेजारची मोटार सुरू होण्याच्या क्षणी आणखी खाली जात होता. आमचा एसएमपीएस जुना होता. त्याच्या मागे ११५ आणि २३० असा लाल खटका होता. अशा साध्या एसएमपीएसना साधारण १८० व्होल्टच्या वरचा दाब लागतो. त्याखाली ते आतल्या भागांना लागणारे १२ व्होल्ट सांभाळू शकत नाहीत आणि कॉम्प्युटर झटका खाऊन पुन्हा सुरू होतो. दुकानात विजेचा दाब नीट होता, म्हणून तिथे हे झाले नाही.

इथे एक इशारा. दाब कमी आहे म्हणून तो लाल खटका ११५ वर कधीही सरकवू नये. दाब पूर्ववत होताच एसएमपीएस फुटतो आणि सोबत मदरबोर्डही जाऊ शकतो. लहान मुलांच्या घरात त्या खटक्यावर चिकटपट्टी लावलेली बरी. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, ॲक्टिव्ह पीएफसी असलेला चांगला एसएमपीएस घेणे हा योग्य उपाय. आम्ही तोच घेतला. यूपीएस किंवा इन्व्हर्टर घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर अशा एसएमपीएसना कधी कधी मानवत नाही, म्हणून साइन वेव्हचा घेतलेला चांगला. आणि लेझर प्रिंटर कधीही यूपीएसवर लावू नये. तो गरम होताना एकदम खूप वीज ओढतो.

तरावीहपासून सहरीपर्यंत

नवा एसएमपीएस बसला. त्यानंतरचे दोन पाण्याचे दिवस कॉम्प्युटर एकदाही पुन्हा सुरू झाला नाही. पण गोठणे मात्र थांबले नाही. वही नसती तर आम्ही म्हणालो असतो, "पैसे वाया गेले, दोष तसाच आहे." वहीमुळे समजले की दोष दोन होते. एक गेला, एक बाकी होता.

गोठण्याच्या बारा नोंदींत पाण्याचा, उन्हाचा किंवा वेळेचा संबंध नव्हता. चालू असलेल्या कामाचा रकाना वाचला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मोठी फोटो-फाईल, इनपेजमध्ये उर्दू मजकूर आणि ब्राउझर हे सारे एकाच वेळी उघडे होते. म्हणजे रॅम भरलेली असे. दुकानात एवढे काम त्याला दिलेच नव्हते.

विंडोजमध्ये रॅम तपासण्याची सोय असते. ती आधीच चालवली होती आणि तिने सारे ठीक सांगितले होते. पण एका छोट्या तपासणीत निर्दोष ठरणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. मुलाने पेनड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ घेतले. हे फुकट मिळते, विंडोज सुरू न करता चालते आणि रॅमचा प्रत्येक कप्पा लिहून-वाचून पुन्हा पुन्हा पाहते. वेळ फार लागतो, म्हणून तरावीहहून आल्यावर त्याने ते सुरू केले. सहरीला उठलो तेव्हा पडदा लाल ओळींनी भरला होता.

लाल ओळी दिसल्या तरी घाई करायची नसते. दोष पट्टीचा आहे, खाचेचा आहे की वेगाचा, हे ठरवायचे होते. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या वेगाच्या असल्याने मुलाने बायोसमध्ये जाऊन वाढवलेला वेग बंद केला आणि दोन्ही हळू वेगावर चालवल्या. चुका तशाच राहिल्या. दुसऱ्या रात्री फक्त नवी पट्टी पहिल्या खाचेत ठेवली. एकही चूक नाही. तिसऱ्या रात्री त्याच खाचेत मामूंची पट्टी ठेवली. तासाभरात लाल ओळी. चौथ्या रात्री नवी पट्टी दुसऱ्या खाचेत. पुन्हा एकही चूक नाही. म्हणजे दोन्ही खाचा चांगल्या, मदरबोर्ड चांगला, नवी पट्टी चांगली. गुन्हेगार एकच होता, मामूंनी प्रेमाने दिलेली ती जुनी पट्टी. फोनवर मामूंना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणूनच आमच्या ऑफिसचा कॉम्प्युटर गेला वाटतं!"

अम्मींचा आवाज

त्याच सहरीला मुलाच्या मनात वेगळीच भीती आली. फेब्रुवारीत पहिल्यांदा कॉम्प्युटर हँग झाला, तेव्हा आम्ही शहाणपणाने अम्मींची तिन्ही रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली होती आणि निश्चिंत झालो होतो. मुलगा म्हणाला, "अब्बा, फाईल उतरवताना ती रॅममधूनच जाते. रॅम खराब असेल तर उतरलेली प्रतही खराब असू शकते."

आम्ही पेनड्राइव्ह मुलीच्या फोनला जोडला. पहिले रेकॉर्डिंग नीट वाजले. दुसरे अकराव्या मिनिटाला अडले आणि पुढे गेलेच नाही. अम्मी त्यात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याचे सांगत होत्या आणि वाक्याच्या मध्येच आवाज तुटला. खोलीत कोणीच काही बोलले नाही.

मुलाने हार्ड डिस्क काढली, यूएसबीची केबल लावून शेजारच्या चाचींच्या लॅपटॉपला जोडली आणि तिथून फाईल उघडली. अकरावे मिनिट गेले. बारावे गेले. अम्मींचा आवाज पुढे चालू राहिला. अल्हम्दुलिल्लाह, मूळ फाईल शाबूत होती.

प्रत घरोघरी ठेवतात, पण ती उघडून पाहत नाहीत, म्हणून हे एवढ्या तपशिलाने सांगितले. कॉम्प्युटर हँग होऊ लागला की पहिले काम प्रत घेण्याचेच आहे. पण ती आजारी मशीनवर घेऊ नये. डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनवर घ्यावी आणि घेतल्यावर प्रत्येक फाईल उघडून, ऐकून पाहावी. आता त्या तीन फाईली चार ठिकाणी आहेत. त्यांतले एक ठिकाण परतूरला आहे.

अर्थिंगचे पाणी

वायरमन आला तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. कॅबिनेटला हात लावला की कधी कधी मुंग्या येत. आम्हाला वाटे, असेच असते. त्याने प्लगची पाटी उघडली. तीन भोकांतल्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधून थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसते आणि ओल्या हाताला ती जाणवते. कॉम्प्युटर हँग होण्याचे कारण हे नव्हते, पण कूलर किंवा मोटारीत काही दोष झाला असता तर जिवावर बेतले असते.

अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, पण तो वर्षानुवर्षे कोरडा. जमिनीत ओल असेल तरच अर्थिंग काम करते. म्हणून खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, खड्ड्यात कोण ओतणार? आता वुजूचे वापरलेले पाणी बादलीत धरून आम्ही तिथे ओततो. वायरमनने नवी वायर ओढून दिली आणि मुंग्या थांबल्या. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे, मुलांनी त्यात हात घालू नये.

शेवटचे कारण

सगळा हिशेब केला तेव्हा एसएमपीएस आणि वायरमनची मजुरी धरून खर्च साडेतीन हजारांच्या आत राहिला. मदरबोर्ड आणि प्रोसेसर तेच आहेत. एका पट्टीवर काम थोडे सावकाश होते, पण होते. ईदनंतरच्या पत्रिका वेळेवर गेल्या.

घरी जोडलेलेच यंत्र बिघडते असेही नाही. २०२४ मध्ये इंटेल या जगातल्या मोठ्या कंपनीलाच कबूल करावे लागले की तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते आणि त्याने ते अस्थिर होत होते. कंपनीने सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्याआधी कित्येक महिने लोक रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज यांनाच दोष देत होते.

आम्हीही तेच केले होते, फक्त दोष यंत्राला न देता मुलाला दिला. त्याने जोडलेले सारे बरोबर होते. जुना एसएमपीएस वापरून पैसे वाचवायचे आम्हीच सांगितले होते. मामूंची पट्टी आम्हीच आणली होती. शहानिशा करण्याआधी आरोप करू नये, हे मुलांना शिकवणारे आम्ही. आम्हीच ते विसरलो.

ईदच्या सकाळी नमाजहून परतल्यावर गळाभेट झाली तेव्हा आम्ही मुलाची माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "राहू द्या, अब्बा." मग थोडे थांबून म्हणाला, "वही चालू ठेवायची का?" मुलगी म्हणाली, "हो. आता काही दिवस झाले, एकही नोंद नाही. तेही लिहायला हवे."

वही अजून कॉम्प्युटरजवळ आहे. पाण्याच्या दिवसांच्या तारखाही आता तिच्यातच लिहिल्या जातात.